चिनी उपचार, आपले आरोग्य आणि माझी एक चूक

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. शाळा सातवीत सुटली. बत्तीस वर्षे सोलापूरच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम केले. जे काही वाचले ते रात्रपाळीहून आल्यावर, वाचनालयात बसून वाचले. त्यामुळे मी सांगतो म्हणून काही मानू नका. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपल्याला माहीतच आहे. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. आजचा माझा सगळा विषय याच एका गोष्टीवर उभा आहे.

विषय आहे चिनी उपचाराचा. तुम्ही म्हणाल, सिरसाळ्यात बसून चीनचे काय काढले? काढावे लागले, कारण चीनचे नाव सांगून आपल्या घरात येणारे लोक वाढले आहेत. सुया टोचणारे, तळपाय दाबणारे, गरम दगडाची गादी विकणारे, चुंबकाचा पट्टा विकणारे. त्यात काही खरे आहे आणि पुष्कळ खोटे आहे. दोन्ही वेगळे कसे करावे हे न कळल्यामुळे माझ्या घरात काय झाले, ते आधी सांगतो.

माझे थोरले बंधू आज इथे समोर बसले आहेत. त्यांना विचारूनच बोलतो आहे. दादांना रक्तदाबाची एक गोळी चालू होती. सकाळी चहानंतर एक. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात चिनी उपचाराचे शिबिर लागले. पंधरा दिवस फुकट. गरम गादीवर झोपवायचे, पायाला झिणझिण्या आणणारे यंत्र लावायचे, वर गोड बोलायचे. आपल्याला कोण एवढ्या मानाने "या काका, बसा काका" म्हणतो? दादांना बरे वाटू लागले. सोळाव्या दिवशी त्यांनी सांगितले की यंत्र घरी न्या, अडतीस हजार रुपये, आणि ती गोळी म्हणजे विष आहे, ती बंद करा.

दादांनी मला फोन केला. आता माझी चूक ऐका. त्याच वर्षी माझा गुडघा दुखत होता. सोलापुरात एका शिकलेल्या डॉक्टराकडून मी सुया लावून घेतल्या होत्या आणि मला खरोखर आराम पडला होता. मी म्हणालो, "दादा, चिनी उपचारात दम आहे, घ्या." एवढेच नाही, यंत्राचे अर्धे पैसे मी पाठविले. माझा गुडघा बरा झाला म्हणून दादांचा रक्तदाबही बरा होईल, हा कुठला न्याय? पण त्या वेळी सुचले नाही.

दोन महिन्यांनी पहाटे दादांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात पडला. घरच्यांना वाटले वारे गेले, तेल चोळू. त्यात सकाळचे दहा वाजले. मग जीप करून अंबाजोगाईला नेले. जीव वाचला. पण ज्या हाताने दादा उभ्या गल्लीचे लग्नाचे फलक रंगवीत, तो हात आज घासही उचलत नाही. यंत्र अजून माळवदावर पडून आहे.

बंधूंनो, मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन असते. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, हात वर उचलेना, बोलणे अडखळू लागले, यातले एक जरी दिसले तरी तेल नाही, उतारा नाही, सुई नाही. १०८ ला फोन आणि थेट मोठा दवाखाना. आजच्या भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे घरी घेऊन जा.

या प्रकारानंतर मला चीनच्या नावाचा राग आला होता. पण राग म्हणजे विचार नव्हे. मी वाचू लागलो.

सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे. आता तिथे स्मारक आहे. पाळीवर जाता-येता कितीदा त्यावरून गेलो असेन. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ साली, जपानने चीनवर आक्रमण केले असताना, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. बाकीचे परत आले. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ साली सिनेमा काढला, तो जुन्या माणसांना आठवत असेल.

पुष्कळ लोकांना वाटते कोटणीस सुया टोचीत. तसे नाही. ते चाकू चालविणारे सर्जन होते. सुया शिकले ते त्यांचे सोबती डॉ. बसू. १९५० नंतरच्या दशकात ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात उपचार सुरू केले. आपल्या देशात ही विद्या पसरली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. म्हणजे आपल्याकडे ती आणणारा माणूस आधी पक्का डॉक्टर होता. मंगल कार्यालयात गादी विकणारा नव्हता.

आणि हे नाते आजचे नाही. इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू इ. स. ६७१ मध्ये मायदेशातून निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. आपल्याकडील भिक्खूंची दिनचर्या त्याने बारकाईने लिहून ठेवली आहे. दातवणाने दात घासणे, जेवणाआधी हातपाय धुणे, पाणी गाळून पिणे, ठरलेल्या वेळी चालणे, पोट बिघडले तर लंघन करणे. या चालण्याला चंक्रमण म्हणतात. त्याने अन्न पचते, असे त्याने नोंदविले. आपल्या देशाच्या सुया आणि नाडीपरीक्षेला मात्र जंबुद्वीपात तोड नाही, असा अभिमानही त्याने लिहिला आहे. मला या माणसाचे कौतुक वाटते. दुसऱ्याकडचे चांगले ते घेतले, आपले चांगले ते सांगितले.

आता चिनी उपचार म्हणजे काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे थोडक्यात सांगतो. त्यांचे म्हणणे असे, की शरीरात "ची" नावाची शक्ती ठराविक वाटांनी वाहते. ती अडली की दुखणे येते. त्या वाटांवरच्या बिंदूंना सुई लावली, दाबले किंवा शेक दिला की वाट मोकळी होते. अशी वाट शरीर कापून कुणाला दिसलेली नाही. ही जुन्या काळची समजूत आहे. पण समजूत जुनी असली तरी उपाय उपयोगी असू शकतो, म्हणून तपासणी करावी लागते. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची समिती बसविली. शस्त्रक्रियेनंतरची आणि कर्करोगाच्या औषधाने होणारी मळमळ, तसेच दात काढल्यानंतरचे दुखणे, यावर सुयांचा उपयोग होतो असे तिने म्हटले. गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी यांतही काहींना आराम पडतो. पण रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सोडून सुयांवर राहावे, असा पुरावा नाही. माझा गुडघा आणि दादांचा रक्तदाब यांतला फरक हाच.

तपासून घेणे म्हणजे काय, याचे सर्वात मोठे उदाहरणही चीनचेच आहे. १९६७ साली चीनने हिवतापावर औषध शोधण्याची मोहीम काढली. त्यात तू योयो नावाच्या बाई होत्या. त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग याच्या ग्रंथात एका वनस्पतीचा उल्लेख सापडला, ती आपल्या दवण्याच्या कुळातली. काढा उकळून पाहिला तर गुण येईना. ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात उकळा असे नव्हतेच, पाण्यात भिजवून पिळा असे होते. उष्णतेने औषध मरते हे त्यांच्या ध्यानात आले. १९७१ साली कमी उष्णतेवर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, १९७२ साली आधी स्वतः घेतला, मग रोग्यांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. आज आपल्या सरकारी दवाखान्यातही मेंदूपर्यंत जाणाऱ्या हिवतापाला जी औषधे देतात त्यात त्याच्याच कुळातले औषध असते. २०१५ साली त्या बाईंना नोबेल मिळाले. परंपरा त्यांनी फेकून दिली नाही आणि डोक्यावरही घेतली नाही.

उलट बाजूही सांगतो. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी चिनी जडीबुटीच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात चुकीची वनस्पती मिसळली होती. शंभरावर बायकांची मूत्रपिंडे बिघडली. म्हणून "जडीबुटी आहे, अपाय नाही" हे वाक्य कुणी बोलले की सावध व्हा. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. तिथे जडीबुटी नव्हती, मोठ्या पाट्यांचे दवाखाने होते. बाई, तू विचारायला हवे होतेस असे मी म्हणणार नाही, कारण विचारू देतो कोण? पण इथून पुढे आपण चार माणसांनी मिळून विचारले पाहिजे, मग समोर सुई असो, सुरी असो की गादी असो.

आता चीनकडून रोजच्या जगण्यासाठी घ्यावे काय? मी फक्त फुकटातल्या गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट मिठाची. ज्या देशाचे नाव सांगून दादांची गोळी बंद केली, त्याच देशाच्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर पाच वर्षे एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२१ साली आला. ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला होता किंवा ज्यांचे वय साठच्या पुढे असून रक्तदाब होता, असे ते लोक. अर्ध्या खेड्यांना नेहमीचे मीठ आणि अर्ध्या खेड्यांना कमी सोडियमचे मीठ दिले. एवढाच फरक. दुसऱ्या गटात झटक्याचे प्रमाण शेकडा चौदाने कमी झाले. सुई नाही, यंत्र नाही, फक्त मीठ. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी ते वेगळे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असते. पण नेहमीचे मीठ कमी करायला कुणाला विचारायचे? दिवसाला माणशी एक लहान चमचा, तेवढे पुरे. आपले जेवण चटणी-भाकरीचे. ठेचा, खारातली मिरची, लोणचे, पापड, सगळ्यात मीठ. गरिबाच्या ताटात कालवण कमी म्हणून मीठ-मिरची जास्त, हे मला कळते. तरी भाकरीच्या पिठातले मीठ सोडा, ताटात वरून घेणे सोडा. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

दुसरी गोष्ट, दोन घास कमी. पोट थोडे रिकामे ठेवून उठावे असे चिनी म्हातारी माणसे सांगतात. कोसलचा राजा प्रसेनजित जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी त्याला मोजके खाण्याचा उपदेश केला आणि तो पाळून राजा हलका झाला, ही कथा आपल्या ग्रंथात आहे. जेवणानंतर शंभर पावले चालावे ही त्यांची म्हण. आपल्याकडे तिलाच शतपावली म्हणतात. दोन्ही देशांनी वेगवेगळे राहून तेच सांगितले आहे.

तिसरी गोष्ट व्यायामाची. लोक म्हणतात, आम्ही कष्टकरी, आम्हाला कसला व्यायाम? मीही म्हणत होतो. एका पाळीत साच्यांच्या रांगेतून किती कोस चालणे होते याचा हिशोब नाही. पण काम शरीराला एकाच बाजूला वाकविते. ऊस तोडणारी बाई दिवसभर पुढे वाकते, मोळी डोक्यावर घेते. तिच्या कमरेला उलट बाजूला ताण कधी मिळतो? चीनमध्ये एक जुना व्यायामप्रकार आहे, आठशे वर्षांहून जुना. त्याचे नाव "बा दुआन जिन", म्हणजे जरीच्या कापडाचे आठ तुकडे. नाव वाचले आणि मला हसू आले. गिरणी कामगाराला व्यायाम सापडला तोही कापडाचाच! त्यातले चार प्रकार मी रोज करतो.

एक, दोन्ही हातांची बोटे गुंफून तळवे आभाळाकडे, हात सरळ वर. दोन, धनुष्य ओढल्यासारखा एक हात बाजूला ताणायचा, दुसरा छातीशी, मग बाजू बदलायची. तीन, पाय न हलविता मान हळूहळू मागे वळवून बघायचे, डावीकडे आणि उजवीकडे. चार, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायचे आणि टाचा हळू खाली सोडायच्या, सात वेळा. झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. म्हाताऱ्यांनी भिंतीला हात लावून करावे. दहा मिनिटे लागतात. उसाच्या फडात कोप्यांसमोर उभे राहूनही होते.

चौथी गोष्ट दाबण्याच्या एका बिंदूची. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहाताच्या घडीपासून तीन बोटे खाली, दोन शिरांच्या मध्ये दाबले की मळमळ कमी होते म्हणतात. ट्रकमध्ये, जीपमध्ये ज्यांना ओकारी येते त्यांनी करून पाहावे. मला गुण आला, तुम्हाला येईल किंवा येणार नाही. पैसे तर जात नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू डोकेदुखीला दाबतात. गरोदर बाईने मात्र तो दाबू नये असे त्यांच्याच शास्त्रात सांगितले आहे. आणि छातीत दुखत असेल तर कुठलाही बिंदू दाबत बसू नये. दवाखाना गाठावा.

पाचवी गोष्ट सोडण्याची. तंबाखू, गुटखा, दारू, आणि आपल्या मायबहिणींची मिश्री. आमच्या गिरणीत कापसाची धूळ छातीत जाई. साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येई. त्यावर बिडी ओढणारे माझे जोडीदार माझ्याआधी थकले. कुठलीच चिनी सुई बिडीने काळे झालेले फुफ्फुस धुऊन देत नाही.

ज्यांना सुया लावून घ्यायच्याच आहेत त्यांनी जरूर घ्याव्यात. पण केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली आहे आणि महाराष्ट्राने २०१५ चा कायदा करून नोंदणीसाठी परिषद नेमली आहे, हे लक्षात ठेवा. नोंदणी आहे का ते विचारा. सुई तुमच्या समोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ, एड्स होऊ शकतो. आणि जो कुणी म्हणेल "चालू गोळी बंद करा", त्याच्या दारातून चपला घालून लगेच बाहेर या. चीनमध्येही नव्या औषधाचे आणि जुन्या उपचाराचे दवाखाने शेजारी शेजारी चालतात. तिथला शहाणा रोगी एकासाठी दुसरे सोडीत नाही.

शेवटची गोष्ट. १९६० नंतरच्या दशकात चीनने खेड्यातल्या शेतकरी मुला-मुलींना थोडे शिक्षण देऊन अनवाणी डॉक्टर तयार केले. अर्धा दिवस शेतात, अर्धा दिवस औषधोपचार. आपल्याकडे, पाटोदा-आष्टीला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तसेच काम उभे केले. अक्षर न येणाऱ्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनविले. त्यात आपल्या समाजाच्याही पुष्कळ होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाती गावाने आपल्या लेकीसुनांची बाळंतपणे सोपविली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चीनकडून घेण्यासारखे खरे औषध मला हेच वाटते. वस्तीत एक जाणते माणूस असावे, जे विचारील, "दादा, गोळी घेतली का?" आमच्या दादांना त्या दोन महिन्यांत हे विचारणारे कुणी नव्हते. मी होतो, तर मीच पैसे पाठवीत होतो.

आजारी भिक्खूकडे कुणी बघत नव्हते तेव्हा भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला आंघोळ घातली. आपण विहारात वंदना घेतो, पण शेजारच्या घरातला रक्तदाब आपल्याला माहीत नसतो. म्हणून समितीपुढे माझी एक सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर इथे प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा. आपल्या आशाताईंनी दोन मुलींना मोजायला शिकवावे. एक वही ठेवावी. १४० आणि ९० च्या वर ज्याचा आकडा वारंवार येईल त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या गाठोड्यात पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आहेत की नाही ते पाहावे.

मशीनचा प्रश्न येईल. दादांशी बोललो आहे. दादा म्हणाले, "पहिले मशीन आपल्याकडून दे." ते आज सोबत आणले आहे. माळवदावरच्या यंत्राच्या किमतीत अशी कितीतरी मशीन आली असती. आणि पहिली नोंद कुणाची करायची, तेही दादांनीच सांगितले आहे. कार्यक्रम संपल्यावर ते डावा हात पुढे करून इथे बसतील. त्यांच्यामागे रांग लावा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवितो. काही चुकले असेल तर पोटात घ्या.

नमो बुद्धाय. जयभीम.